पाचव्याने दार लावायचं

‘तिसरी पाळी’ हा बँड काही फार चांगला वाजवत नसे, आणि हे बँडमधल्या चौघांनाही ठाऊक होतं. दोघे मास्तर, एक दातांचा डॉक्टर, एक पोस्टातला. रविवारी गिटारी गळ्यात अडकवून आपली विशी परत मिळते का ते बघायचे. तरीही क्न्याझेवात्स गावात आणि तिमोक नदीच्या काठाकाठाने त्यांना बोलावणी यायची, त्याचं श्रेय वाजवणाऱ्यांना नव्हतं, सामान उचलणाऱ्यांना होतं. ते पाच जण ठरल्या वेळी हजर व्हायचे, भिंतीला ओरखडा न काढता स्पीकर आत न्यायचे आणि जाताना सभागृह झाडून जायचे. स्वतःला ते ‘हमाल’ म्हणवून घेत. हमाली फुकट होती. फार तर कोणीतरी बुरेक, म्हणजे चीज भरलेला पापुद्र्याचा गरम पाव, कागदात गुंडाळून हातात ठेवायचं, तो पाच जणांत वाटून खायचा.

गाडी रादोये काकांची. आठवडाभर ती पाव वाहायची, त्यामुळे कितीही झाडली तरी सगळ्यांच्या काळ्या जॅकेटांना पीठ लागायचंच. काकांची केबिन आणि मागचा डबा यांच्यामध्ये जाड फळी होती. डब्याला खिडकी नव्हती. फळीला लागून एक बाक, त्यावर आवाजाची यंत्रं सांभाळणारा झ्वेझ्दान आणि दिवे सांभाळणारी यास्ना बसायची. त्यांच्यापुढे स्पीकरांची छतापर्यंत उतरंड. उतरंडीच्या पलीकडे, मागच्या दाराशी, दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतील एवढी जागा उरायची. ती मोमिर आणि वेल्कोची.

एकदा झ्वेझ्दान पेट्रोल पंपावरच्या संडासात राहून गेला आणि गाडी चाळीस किलोमीटर पुढे गेली, तेव्हापासून काकांनी मोजणी सुरू केली. निघण्याआधी ते फळीवर मूठ आपटत आणि ओरडत, “एक!” मग झ्वेझ्दान दोन, यास्ना तीन, मोमिर चार, वेल्को पाच. पाचव्याने आकडा म्हणायचा आणि दार ओढून घ्यायचं. पाच ऐकल्याशिवाय काका किल्ली फिरवत नसत.

वेल्को नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचायचा. घरोघर हिंडून त्याला माणसांचे आवाज उचलायची खोड लागली होती. पाद्री, महापौर, काका, कोणालाही तो सोडायचा नाही. मोमिरचा ‘चार’ तर त्याची खास करामत. मोमिर तो आकडा लांबवून, शेवटी वर नेऊन म्हणायचा, आपण खरंच चौथे आहोत की नाही याची त्याला शंका असल्यासारखा. वेल्को त्यात चिमूटभर जास्त नाक घालायचा. उलट वेल्कोची नक्कल फक्त मोमिरला जमायची. बोलण्याआधी वेल्को घसा खाकरतो, हे वेल्कोला स्वतःलाही मोमिरने दाखवल्यावर कळलं होतं.

मागच्या जानेवारीत, जुन्या पंचांगाचा नाताळ होऊन आठवडा झाला होता, तेव्हा ते स्तारा प्लानिनाच्या डोंगरावर वाजवायला गेले. एका बंद पडलेल्या कारखान्याचं तिथे कामगार विश्रामगृह आहे. सणाच्या दिवसांत ते उघडायचं, मग वसंतापर्यंत कुलूप. दुपारचा कार्यक्रम झाला, सामान चढलं. मोमिर तळघरात मेन स्विच पाडायला आणि लांब केबल आणायला गेला. रखवालदार स्तामेनने पाजलेली आलुबुखाऱ्याची राकिया वेल्कोच्या पोटात उबदार बसली होती. तेवढ्यात फळीवर मूठ पडली. एक. दोन. तीन.

“चाऽऽर?” वेल्को मोमिरच्या आवाजात म्हणाला.

हा त्यांचा जुना खेळ होता. उशीर करणाऱ्याचा आकडा दुसऱ्याने म्हणायचा, गाडी सुटू द्यायची, त्याला शंभर पावलं पळवायचं आणि पहिल्या वळणावर पत्र्यावर तीन ठोके मारून गाडी थांबवायची. धापा टाकत आलेल्याने शिव्या घालायच्या, बाकीच्यांनी हसायचं. वेल्को पाच म्हणाला, त्याने दार ओढलं आणि वळणाची वाट बघत डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी क्न्याझेवात्सच्या पुलावर उभी होती.

पुलावर मोमिर नेहमी न सांगता उडी मारून उतरायचा, त्याचं घर तिथून जवळ. त्यामुळे पुढे बसलेल्या कोणाला काही वाटलं नाही. वेल्कोला वाटलं ते एवढंच, की स्तामेन त्याला जीपने आणून सोडेल आणि उद्या आपली चामडी सोलली जाईल. घरी पोचल्यावर त्याने स्तामेनला दोनदा फोन लावला. लागला नाही. आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोमिरची आई, देसांका मावशी, हिच्या स्वयंपाकघरात पोलीस बसले होते. “गाडीत होता, साहेब,” काका म्हणाले. “चार म्हणाला. माझ्या या कानांनी ऐकलं.” झ्वेझ्दानने ऐकलं होतं. यास्नाने ऐकलं होतं. मग सगळ्यांनी वेल्कोकडे पाहिलं, कारण मोमिरच्या शेजारी बसलेला तोच होता.

वेल्कोने घसा खाकरला. “होता,” तो म्हणाला.

त्या एका शब्दावर चार दिवस तिमोक नदी गळ टाकून ढवळली गेली. डोंगरावर बर्फ पडलं, रस्ता बंद झाला. वेल्को रोज काठावर जाऊन उभा राहायचा, रोज ठरवायचा की आज सांगायचं, आणि रोज ते कालच्यापेक्षा अवघड झालेलं असायचं. सहाव्या दिवशी स्तामेन नळ गोठले का बघायला वर गेला आणि त्याने तळघराचा अडसर काढला. मोमिर बॉयलरच्या कडेला बसलेला होता. शेजारी केबलचं वेटोळं नीट बांधून ठेवलेलं. तो किती दिवस जिवंत असावा ते डॉक्टर सांगू लागले, तेव्हा वेल्को खोलीतून बाहेर गेला. पण आकडा त्याच्या कानावर पडलाच.

गावाने आपली समजूत घालून घेतली. पुलावर उतरल्यावर त्याला केबल आठवली असणार, कोणाच्या तरी गाडीने परत वर गेला असणार, स्तामेन जेवायला बसलेला असताना आत शिरला असणार. अडसर नेमका कधी लावला ते स्तामेनलाही सांगता येईना. “असाच होता माझा मोमिर,” देसांका मावशी म्हणायची, “दुसऱ्याची वस्तू टाकून यायचा नाही.” त्याचं आणि यास्नाचं शरदात लग्न ठरलं होतं. ती मात्र वेगळंच म्हणायची. “पुलावर उतरताना त्याने मला हाक मारली असेल. मी झोपले होते, वेल्को. मी जागी असते तर त्याला जाऊ दिलं असतं का?” दर वेळी वेल्को म्हणायचा, “नको असं बोलू.” ती झोपली नसती तरी काही फरक पडला नसता, हे जगात एकट्या त्यालाच माहीत होतं. तेवढं तरी तो तिला देऊ शकला असता. त्याने दिलं नाही.

एप्रिलमध्ये बँडने पुन्हा वाजवायला घेतलं. चौथा आकडा कोणाला द्यायचा नाही असं न बोलता ठरलं. काका मूठ आपटायचे, एक, दोन, तीन, मग एक आकडा म्हणायला लागतो तेवढा वेळ सगळे गप्प राहायचे, आणि मग वेल्को पाच म्हणून दार ओढायचा. पहिल्याच खेपेला, त्या गप्प वेळात, वेल्कोला शेजारी कोणीतरी श्वास आत घेतल्यासारखं वाटलं. बोलण्याआधी घेतो तसा. दार ओढल्यावर डब्यात काळोख झाला आणि त्याने हात बाजूला नेऊन चाचपलं. पिठाने खरखरीत झालेली तळाची फळी, बाकी काही नाही.

त्याने काकांना सांगून पाहिलं, आपल्याला आता जमायचं नाही.

“एक गेला,” काका म्हणाले. “आता तूही जा. मग मी कोणाला मोजू, स्पीकरांना?”

जूनमध्ये एका शाळेच्या पटांगणावर कार्यक्रम होता. ऊन असं की अॅम्पवर हात ठेववत नव्हता. सामान चढवून वेल्को आपल्या जागी बसला आणि मोमिरच्या जागेवर टेकलेला त्याचा तळवा ओला झाला. त्या तेवढ्याच चौकोनात तळाची फळी गार होती, हिवाळ्यात बाहेर राहिलेल्या लोखंडासारखी. पाणी सांडलं असेल म्हणून त्याने वास घेतला. तळघराचा वास होता, ओल्या कोळशाचा. गाडी सुरू झाल्यावर काही वेळाने तो वास गेला.

ऑगस्टमधली दुपार. पिरोतजवळच्या एका गावाची जत्रा, कोकराचं मांस भाजल्याचा धूर, सगळे खुशीत. काकांनी मूठ आपटली.

“एक!”

“दोन.”

“तीन.”

“चाऽऽर?”

कोणी हललं नाही. मग केबिनचं दार उघडल्याचा आवाज आला, काका गाडीला वळसा घालून मागे आले आणि त्यांनी दार खाडकन उघडलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“लाज आहे का रे? पोराला मातीत जाऊन वर्ष नाही झालं!”

“मी नाही, काका.”

“मग काय स्पीकर बोलला? अख्ख्या जिल्ह्यात असला आवाज काढणारा दुसरा कोण आहे?”

“देवाशपथ मी नाही.”

“शपथा घेऊ नकोस. खाली उतर आणि चालत ये.”

झ्वेझ्दान मध्ये पडला, उन्हाचं निमित्त सांगितलं, राकियाचं सांगितलं, आणि काका पुटपुटत पुढे गेले. वेल्को मात्र घामाने निथळत होता. आवाज त्याच्या डाव्या कानाशी, वीतभर अंतरावरून आला होता, आणि तो मोमिरचा नव्हता. मोमिर एवढं नाकात बोलत नसे. चिमूटभर जास्त होतं. ती वेल्कोने केलेली नक्कल होती, त्या दिवशी केली होती तशीच्या तशी.

यास्ना उतरंडीच्या फटीतून त्याच्याकडे बघत होती. तिने विचारलं ते पुढे पाच महिन्यांनी.

वर्षश्राद्धाला देसांका मावशीने हट्टच धरला. सकाळी कबरीवर पाद्री मंत्र म्हणतील ते म्हणतील, पण दुपारी पोरं वर डोंगरावर वाजवतील, माझा मोमिर जिथे गेला तिथे. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. मावशी बधली नाही. कबरीवर वाळूच्या तबकात मेणबत्त्या लागल्या, राकियाचा पहिला घोट जमिनीला दिला गेला, साखर घातलेले शिजवलेले गहू सगळ्यांनी एकाच वाडग्यातून चमचा चमचा घेतले. वेल्कोची पाळी आली तेव्हा मावशीने त्याचं मनगट धरलं.

“तू शेजारी होतास ना रे त्याच्या. शेवटी काय बोलला?”

“काही नाही, मावशी. दमला होता.”

“थंडी वाजत होती का त्याला?”

घास त्याच्या तोंडात फिरत राहिला. “नाही,” तो म्हणाला.

वर जाताना यास्ना बाकावर न बसता उतरंडीपलीकडे आली आणि मोमिरच्या जागी बसली. घाट सुरू झाला. काळोखात तिचं तोंड दिसत नव्हतं.

“ऑगस्टपासून मी एकच विचार करतेय,” ती म्हणाली. “त्या दिवशीचा चार कोण म्हणालं?”

“म्हणजे?”

“वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. तू म्हणालास का?”

गाडीने एक वळण घेतलं. वेल्कोने घसा खाकरला.

“नाही.”

“बरं,” यास्ना म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, “इथे इतकं गार कसं रे?”

कार्यक्रम छोटाच झाला. पन्नासेक माणसं, बीन्सचं गरम सूप, खिडक्यांबाहेर बर्फावर स्वच्छ ऊन. चौघांनी त्या दिवशी, नवल म्हणजे, चांगलं वाजवलं. देसांका मावशी पहिल्या रांगेत काळ्या रुमालात मान ताठ ठेवून बसली होती. शेवटच्या गाण्याला यास्नाने सगळे दिवे मालवून एकच ठेवला, रिकाम्या खुर्चीवर, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. वेल्को दारात उभा राहून ते बघत होता. तिथे त्याचं ठरलं. लोकांसमोर नाही, मावशीसमोर नाही, पण उतरताना गाडीत, काळोखात, यास्नाला सांगायचं. ती थोबाडीत मारेल, सगळ्यांना सांगेल, पोलीस येतील. येऊ देत. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला भूक लागली आणि त्याने दोन वाडगे सूप प्यायलं.

मावशीला आणि पाहुण्यांना घेऊन बँडच्या गाड्या पुढे गेल्या. हमालांनी सामान चढवलं.

“लांब केबल राहिली,” झ्वेझ्दान म्हणाला, आणि मग खाली बघू लागला. ती तळघरात लावलेली होती, आणि तिथे जायला कोणीच तयार नव्हतं.

“मी आणतो,” वेल्को म्हणाला.

स्तामेन तळघराच्या पायऱ्यांशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. वर्षात तो फार म्हातारा झाला होता. “जा, घेऊन ये,” तो म्हणाला. “घाई नको करू. मी आता उगाच असाच अडसर लावत नाही. गाडीची मोजणी माझ्या कानांनी ऐकतो, पाचपर्यंत, मगच लावतो.” आणि तो वरच्या खोल्यांच्या खिडक्या लावायला निघून गेला.

तळघरात झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा येत होता. झरोक्याला जाळी होती आणि जाळीतून बर्फ, गाडीची मागची चाकं आणि उघडं दार एवढंच दिसायचं. वेल्कोने मेन स्विच पाडला. बॉयलरच्या कडेला केबल अस्ताव्यस्त पडली होती. तो उकिडवा बसला आणि कोपरावर वेढे घेऊ लागला. ओल्या कोळशाचा वास येत होता, पण इथे तो असायचाच. यास्नाला पहिलं वाक्य काय म्हणायचं ते तो मनात जुळवत होता.

बाहेर फळीवर मूठ पडली.

“एक!”

काकांना वाटलं असेल आपण आलो, वेल्कोच्या मनात आलं. काही बिघडत नाही. पाच ऐकल्याशिवाय ते किल्ली फिरवत नाहीत.

“दोन.”

“तीन.” यास्नाचा आवाज पुन्हा पुढच्या बाकावरून आला, रडून बसलेला.

मग चारची गप्प वेळ. वेल्कोने कान टवकारले. चार कोणी म्हटला नाही. जागा रिकामीच राहिली आणि त्याला हायसं वाटलं. त्याने ओरडायला तोंड उघडलं, काका थांबा, मी खाली आहे.

बाहेर कोणीतरी घसा खाकरला.

“पाच.”

आवाज त्याचाच होता. फक्त खाकरणं चिमूटभर जास्त.

जाळीतून त्याने पाहिलं, गाडीचं दार आतून ओढलं गेलं.

इंजिन सुरू झालं. तो ओरडला. पायऱ्यांकडे धावला, तेव्हा वर अडसर सरकत होता, आणि लोखंडी दारावर मुठी आपटेपर्यंत स्तामेनची पावलं जीपकडे गेली होती. जीपचा आवाज गाडीच्या आवाजात मिसळला. फोनवर रेंजची एकही रेघ नव्हती, या डोंगरावर ती कधीच नसायची.

वेल्को परत झरोक्याशी आला. जाळीला कान लावला. पहिलं वळण इथून जेमतेम शंभर पावलांवर. तिथे पत्र्यावर तीन ठोके पडले, की गाडी थांबते.

वळणावर गाडीचा वेग कमी झाला.

तो श्वास रोखून ऐकत राहिला.

मग काकांनी गिअर बदलला आणि गाडी उतरणीला लागली. उद्या स्वयंपाकघरात पोलीस बसतील. वेल्को गाडीत होता, असं काका सांगतील, झ्वेझ्दान सांगेल, यास्ना सांगेल, स्तामेनही सांगेल. आणि त्यांच्यातलं कोणीही खोटं बोलत नसेल.